अहल्याअक्कांच्या भावना

रविकिरणराव देव मानत नाहीत हे चिकपेटच्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त माइकवरून ते कुणी ऐकलं नव्हतं.

गल्लीच्या टोकाला अंबाभवानीचं देऊळ आहे. साड्यांच्या गाठोड्यांमधून, हातगाड्यांना चुकवत तिथवर जावं लागतं. शहाजीराजांच्या काळात बंगळूरला आलेल्या मराठी घरांचं हे देऊळ. त्या घरांतली माणसं आता बँकांत आहेत, कॉलेजांत आहेत, घरी बोलताना निम्मं कन्नड तोंडात येतं, पण नवरात्रात सगळी इथंच जमतात. देवळातलं बायकांचं भजन अहल्याअक्का चालवतात. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्या, साठी उलटली, तरी आवाज तसाच खणखणीत. अष्टमीच्या संध्याकाळचं मुख्य भजन कितीतरी वर्षं त्यांचंच.

रविकिरणराव हे त्यांचे यजमान. वीज खात्यात इंजिनियर होते. रोज सकाळी ते अक्कांना स्कूटरवरून देवळात सोडायचे आणि समोरच्या हॉटेलात कॉफी पीत बसायचे. आत जायचे नाहीत. देवळाचं सगळं वायरिंग मात्र त्यांच्या हातचं. नवरात्रातली रोषणाई, माइक, पाण्याचा पंप, काही बिघडलं की "रवीअण्णांना बोलवा". कुणी म्हणालं, "अण्णा, आत येऊन दर्शन तरी घ्या," तर ते म्हणायचे, "आतला दिवा गेला असेल तर येतो." लोक हसायचे आणि विषय संपायचा.

त्या वर्षी नवरात्राच्या आधी समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भांडण पेटलं. रणवीर नावाच्या तरुण व्यापाऱ्यानं लिहिलं की देव नाही असं चारचौघांत म्हणणाऱ्याला शिक्षा व्हायला हवी, तसा कायदाच पाहिजे. रणवीरचं गल्लीत साड्यांचं घाऊक दुकान, माणूस धडाडीचा, पुढंमागं निवडणुकीला उभं राहायचा विचार असलेला. त्याच्या मेसेजखाली कुणी हात जोडले, कुणी वाद घातला. शेवटी अद्वैतनं तोडगा काढला. अद्वैत पुण्याचा, बेळ्ळंदूरला एका कंपनीत कामाला, मराठी बोलायला मिळतं म्हणून रविवारी देवळात येणारा. तो म्हणाला, "इथे टाइप करत बसण्यापेक्षा प्रॉपर डिबेट ठेवू या ना. स्टेजवर बोला."

देवळामागच्या हॉलमध्ये दुसऱ्या माळेला वादविवाद ठरला. हॉल भरला होता. रणवीर छान बोलला. शेवटी आवाज चढवून म्हणाला, "आणि कुणाला वाटतं हा कायदा कुणाविरुद्ध? आपल्यात देव नाही म्हणणारा एकही माणूस नाही! असेल तर त्यानं उभं राहावं!"

रविकिरणराव स्टेजच्या कडेला घरघरणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरपाशी होते.

"मी उभाच आहे," ते म्हणाले.

लोक हसले. अद्वैतनं उत्साहानं अण्णांच्या हातात माइक दिला.

"विचारलंस म्हणून सांगतो," रविकिरणराव म्हणाले. "देव नाही, असं माझं मत आहे. तरुणपणापासून आहे. कुणावर लादलं नाही, कुणापासून लपवलंही नाही. देवळाशी माझं भांडण नाही. इथं माझी बायको गाते." एवढं बोलून त्यांनी माइक परत दिला आणि ते पुन्हा वायर तपासायला वाकले.

काहींनी टाळ्या वाजवल्या. अहल्याअक्का पुढच्या रांगेत होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला, पण हसू त्यांनाही आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वादविवादाच्या व्हिडिओचा एक तुकडा सगळीकडे फिरला होता. त्यात मागं देवीचा मोठा फोटो, पुढं रविकिरणराव, आणि "देव नाही" एवढेच दोन शब्द. आधीचं नाही, नंतरचं नाही. कुणी लिहिलं, देवीच्याच दारात देवीचा अपमान. दुपारी कळलं की रणवीरनं पोलिसांत तक्रार दिली आहे.

संध्याकाळी देवस्थानचे अध्यक्ष भगवंतराव यांनी अक्कांना ऑफिसात बोलावलं. भगवंतराव मनानं वाईट नव्हते, पण भांडणाला फार घाबरायचे.

"अक्का, प्रकरण वाढवायचं नाही मला," ते म्हणाले. "रणवीर तक्रार मागं घ्यायला तयार आहे. अण्णांनी अष्टमीला गाभाऱ्यापुढं यायचं, हात जोडायचे, चुकलो म्हणायचं. सगळ्यांच्या देखत. संपलं."

"आणि नाही आले तर?"

भगवंतरावांनी नजर खाली घातली. "मग अष्टमीचं भजन अनुषाच्या तरुण मुलींच्या गटाला द्यावं, असं कमिटीतल्या काहींचं म्हणणं आहे. यंदापुरतं. तुम्ही स्वल्प समजून घ्या."

अक्का बाहेर आल्या. मेट्रोनं घरी येताना त्यांच्या डोक्यात भजनाचा विचार नव्हता. त्यांच्या डोक्यात होतं ते त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या नवरात्रापासून त्या देवीकडे दर वर्षी एकच गोष्ट मागत आल्या होत्या: यांना एकदा आत आण. माझ्या शेजारी उभं कर. एकदा हात जोडू देत. मुलीच्या शिक्षणाचं, तिच्या बाळंतपणाचं, कसलंच मागणं त्यांनी घातलं नव्हतं. ते सगळं आपोआप होईल असा त्यांना भरवसा होता. मागायचं ते फक्त एवढं. आणि आता भगवंतराव तेच ताटात वाढून देत होते.

रविकिरणरावांनी कॉफी करून ठेवली होती. अक्कांनी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

"मला काय वाटतं ते राहू द्या. तुम्ही काय करणार?"

"तू म्हणशील ते. पोलिसांची मला भीती नाही, मी काही शिवी दिलेली नाही. पण अष्टमीचं भजन तुझं आहे. तुला हवं असेल तर येईन, हात जोडीन, चुकलो म्हणेन. पाच मिनिटांचं काम." ते हसले. "आणि मी देव मानत नाही, त्यामुळं त्याच्यापुढं खोटं बोलायची भीतीही नाही मला."

अक्कांनी पेला खाली ठेवला.

हा माणूस आपल्यासाठी खोटं बोलायला तयार आहे हे पाहून त्यांना भरून आलं, आणि पाठोपाठ रागही आला. कुणाचा ते कळायला त्यांना थोडा वेळ लागला. यांचा नव्हे. ज्यांनी हे मागितलं त्यांचा.

"तुम्हाला भीती नाही, ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मला आहे. तिच्यापुढं कुणी खोटे हात जोडलेले मला चालायचे नाहीत. तुम्ही जोडलेले तर नाहीतच. आणि तेही मी आणून उभं केलं म्हणून?"

"मग भजन जाईल."

"जाऊ दे."

त्यांनी लगेच फोन उचलला. "भगवंतराव, हे यायचे नाहीत. त्यांनी यावं असं मलाच वाटत नाही. भजन अनुषाला द्या. ती चांगलं गाते, स्वल्प लय सांभाळायला सांगा." फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ खिडकीपाशी उभ्या राहिल्या. रविकिरणरावांनी त्यांना तसंच राहू दिलं, आणि पेले धुवायला घेतले.

दोन दिवसांनी पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. अक्का बरोबर गेल्या. अद्वैत ऑफिसला दांडी मारून आला होता, पूर्ण व्हिडिओ घेऊन. समोर रणवीर आणि भगवंतराव बसले होते. इन्स्पेक्टर नागराज कपाळाला कुंकवाचा टिळा लावलेले गृहस्थ, आवाज हळू. त्यांनी पूर्ण व्हिडिओ दोनदा पाहिला.

"हे देवीला काही वाईट बोलले?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं.

"देवी नाहीच म्हणाले," रणवीर म्हणाला. "याहून वाईट काय बोलायचं, सर? आमच्या भावना दुखावल्या."

"साहेब, मी बोलू का?" अक्का म्हणाल्या. "समाजाच्या भावना दुखावल्या असं लिहून दिलंय. मी त्या समाजातलीच आहे. रोज देवीपुढं बसते. मला कुणी विचारलंच नाही. माझ्या भावना दुखावलेल्या नाहीत."

"तुमच्या नसतील, अक्का." रणवीर त्यांच्याकडं वळला. त्याच्या आवाजातला व्यासपीठावरचा तोरा गेला होता. "माझ्या आईच्या दुखावल्या. अप्पा गेले तेव्हा मी शाळेत होतो. दुकान बंद पडलं, नातेवाईक फिरकेनात. आई रोज त्या देवळात जाऊन बसायची, नुसती बसायची. तिथूनच तिला बळ यायचं. परवा तो व्हिडिओ बघून ती रडली. मला म्हणाली, रवी म्हणतो ती नाहीच, मग मी एवढे दिवस कुणापुढं बसले होते रे? याचं उत्तर मी काय द्यायचं?"

अक्कांनी त्याच्याकडं पाहिलं. मुलगा खरं बोलत होता.

"हे मला ठाऊक नव्हतं," रविकिरणराव म्हणाले. "तुझ्या आईला मी घरी येऊन भेटतो. त्यांना दुखवायचं नव्हतं, हे त्यांना सांगतो. पण माझं मत बदललं, असं नाही सांगता येणार."

नागराजांनी फाइल मिटली. "या कलमात मुद्दाम, वाईट हेतूनं धर्माचा अपमान केलेला लागतो. इथं यांना विचारलं, यांनी मत सांगितलं. तेही हसत. गुन्हा बसत नाही." मग रणवीरकडं पाहून थोड्या मऊ आवाजात म्हणाले, "मीही रोज पूजा करून ड्यूटीवर येतो, मगा, पोरा. पण पूजा न करणाऱ्याला आत टाकायचं असेल, तर मला तसा कायदा आणून दे."

"आणतो, सर," रणवीर उठत म्हणाला. "रविवारी समाजाची सभा आहे. ठराव करून सरकारकडं पाठवतो."

त्याच संध्याकाळी नवरा-बायको रणवीरच्या घरी गेले. दुकानाच्या वरच घर. त्याची आई भागुबाई जमिनीवर बसून देवीसाठी अबोलीची माळ ओवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मावशी, तुम्ही रडलात असं कळलं," रविकिरणराव समोर बसत म्हणाले. "वाईट वाटलं मला."

"मग म्हण, देव आहे."

"ते नाही म्हणता येणार."

"मग आलास कशाला?"

"तुम्हाला दुखवायचं मनात नव्हतं, एवढं सांगायला. तुम्ही तिथं बसत होता ते खोटं होतं, असं मी म्हणालो नाही. तुम्ही उभ्या राहिलात, पोराला वाढवलंत, हे तर मी डोळ्यांनी पाहिलंय."

भागुबाईंनी दोरा दातानं तोडला. "परका कुणी बोलला असता तर मी लक्षही दिलं नसतं. पण तू बोललास. मी ज्या दिव्याखाली बसायचे तो तू लावलेला. म्हणून लागलं." माळेला गाठ मारून त्या म्हणाल्या, "तुझं मला पटलेलं नाही, आणि पटणारही नाही. तोंडावर येऊन बोललास, सरी, ते बरं केलंस. कॉफी घेऊन जा."

रविवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी सभेला न येणारी माणसंही आली होती. रणवीरनं ठराव मांडला: देवाचं अस्तित्व जाहीरपणे नाकारणं हा गुन्हा ठरवावा, अशी मागणी समाजानं आमदारांमार्फत सरकारकडं करावी. टाळ्या पडल्या. अद्वैत विरोधात बोलायला उठला, घटनेतली कलमं, फ्रीडम ऑफ स्पीच, परदेशातले दाखले असं भराभरा बोलत गेला. तो बोलला ते बरोबर होतं, पण मागच्या रांगांत लोक एकमेकांशी गप्पा मारू लागले.

मग अहल्याअक्का उठल्या. गाणाऱ्या बाईचा आवाज, त्यांना माइक लागला नाही.

"मी देव मानते," त्या म्हणाल्या. "हे तुम्हाला सांगायला नको. आज एक सांगते ते माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. लग्न झाल्यापासून मी देवीकडं एकच मागत आले. यांना आत आण. परवा मला सांगण्यात आलं, येतील, पोलिसाच्या भीतीनं येतील. माझं मागणं पुरं होत होतं, आणि मला ते नको झालं."

रविकिरणराव मागं भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले.

"हा कायदा झाला तर देऊळ भरेल. सगळे येतील, सगळे हात जोडतील. पण माझ्या शेजारी उभा असलेला माणूस देवीपुढं उभा आहे की पोलिसापुढं, हे मला कसं कळायचं? आज कळतं. आज इथं येतो तो आपणहून येतो. भागुबाई आल्या त्या कुणाच्या धाकानं आल्या नव्हत्या. म्हणून त्यांचं येणं मोठं आहे."

"पण अक्का," रणवीर जागेवरून म्हणाला, "मनात काय मानायचं ते मानू दे ना! चारचौघांत बोलू नये, एवढंच आहे."

"चारचौघांत बोलायचं नाही, मग मी त्यांच्याशी वाद घालू कुठं? गप्प बसलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही रे. आणि मला एक सांग. देव नाही म्हणणं गुन्हा, पण कुठला देव? हे कोण लिहिणार? आज तू लिहिशील. उद्या दुसरा कुणी येईल, म्हणेल आमचा तोच देव, ही तुमची गल्लीतली भवानी देव नव्हेच. मग तिचं नाव घेणारी मी गुन्हेगार. एवढ्या मोठ्या शहरात आपली घरं किती? आपलं कोण ऐकेल त्या दिवशी? आज तुम्ही ज्या वाटेनं यांचं तोंड बंद कराल, त्याच वाटेनं उद्या आपलं तोंड बंद करायला येतील."

मागच्या रांगांतले लोक पुढं सरकून ऐकत होते.

"शेवटचं," अक्का म्हणाल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर मिश्किल हसू आलं. "जिनं महिषासुराला पायाखाली घेतलं, ती माझ्या नवऱ्याला घाबरेल असं वाटतं का कुणाला? मी गेली तीसेक वर्षं त्यांच्याबरोबर राहतेय. मी घाबरले नाही!"

हॉलभर हशा उसळला. पुढच्या रांगेतली म्हातारी माणसंही हसली. रणवीर ओठ मिटून बसला, पण त्याच्या बाजूचे दोघं हसत होते.

भगवंतरावांनी हात वर करायला सांगितले. ठरावाच्या बाजूनं बरेच हात आले, भागुबाईंचाही आला, सरळ आणि उंच. विरोधातले हात मोजताना भगवंतरावांना दोनदा मोजावं लागलं. मग त्यांनी घसा साफ केला आणि ठराव नामंजूर झाल्याचं सांगितलं.

सभा सुटल्यावर भगवंतराव घाईघाईनं अक्कांजवळ आले. "अक्का, अष्टमीचं भजन तुमचंच. मी कमिटीशी बोलतो."

"नको," अक्का म्हणाल्या. "अनुषाच्या पोरी चार दिवस तालीम करताहेत. आता त्यांच्याकडून काढून घेतलंत तर तो दुसरा अन्याय. मी पुढं बसेन, टाळ धरेन." वाईट त्यांना वाटलं होतंच. ते लपवायचीही त्यांना गरज वाटली नाही. "पुढच्या वर्षी मात्र मी सोडणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते."

हॉलच्या पायऱ्या उतरताना भागुबाईंनी त्यांचा हात धरला, आधारासाठी. "बोललीस चांगलं," त्या म्हणाल्या. "मी हात तिकडं वर केला तरी."

"पाहिलं मी."

"रवीला सांग, माझ्याकडचा पंखा आवाज करतोय."

सगळं काही गोड झालं असं नव्हे. दोन घरांनी त्यांच्याकडं येणं-जाणं बंद केलं. समाजाच्या ग्रुपवर कुणीतरी रविकिरणरावांना परत टोचून लिहिलं, आणि त्यांनी परत तितक्याच शांतपणे उत्तर दिलं. अष्टमीला अनुषा गायली. लय एका ठिकाणी सुटायला लागली तेव्हा अक्कांनी टाळ स्वल्प जोरात वाजवून तिला जागेवर आणलं, आणि अनुषानं त्यांच्याकडं पाहून डोळ्यांनीच नमस्कार केला.

दसऱ्याला रणवीर सोनं द्यायला घरी आला. आपट्याची पानं अक्कांच्या हातात ठेवून पाया पडला, रविकिरणरावांच्याही पडला. जाताना दारात थांबला.

"अक्का, मी हरलो असं समजू नका. पुढच्या वर्षी ठराव परत आणीन."

"आण की," अक्का म्हणाल्या. "चांगली तयारी करून आण. मी येणारच आहे."